पालखीपुढचं पाणी

"सुधाकर, हत्यारं उचल. बंब चालू हुईना."

दस्तगीरचाचा माझ्या गॅरेजच्या दारात उभे होते. दसऱ्याची सकाळ. अंगात इस्त्रीचा खाकी सदरा, डोक्याला पांढराशुभ्र फेटा आणि तोंडावरचा रंग पार उडालेला. मी नुकतीच आंघोळ करून उदबत्ती लावत होतो. समोर पाटावर पाने, पक्कड, मीटर, सोल्डरिंगची कांडी असा माझा सगळा संसार झेंडूच्या फुलांखाली गाडलेला होता. खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसली की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही आमच्या बाजारपेठेतली रीत. त्या दीड दिवसात गावात एक पाना मोकळा सापडायचा नाही.

"सोनं लुटून झालं की येतो की चाचा," मी म्हणालो.

"सोनं लुटल्यावर येऊन काय करणार? माझ्या मयतीला येणार व्हय? पालखी चारला निघती."

मी आईकडे बघितलं. रीतभात पाळण्यात आईचा हात गावात कोणी धरला नसता. ती नाही म्हणणार, म्हणजे आपण सुटलो, असा माझा हिशेब. पण ती पदराला हात पुसत पुढे आली आणि म्हणाली, "निनाईच्याच पाण्याचं काम हाय न्हवं? मग घे हत्यारं. तिची फुलं ती बघून घील."

आईपुढे इलाज नव्हता. फुलं बाजूला केली आणि हळदकुंकवानं माखलेली हत्यारं पिशवीत भरली.

पालखी, पाणी आणि बंब यांचा काय संबंध, ते आधी सांगायला हवं. आमच्या गावची निनाईदेवी दसऱ्याला शिवेवर जाते. तिच्या वाटेवर आधी पाण्याचा सडा पडतो आणि मगच पालखी उचलतात. हा सडा घालायचा मान पखाल्यांच्या घरचा. चाचांचे आजोबा कातडी पखालीतनं पाणी शिंपायचे, मग वडील. पुढे गावात नगरपालिका आली, नगरपालिकेनं आगीचा बंब आणला आणि त्यावर ड्रायव्हर म्हणून चाचांच्या वडिलांनाच घेतलं. तेव्हापासून सडा बंबानं पडायला लागला. वडिलांमागं चाचा. देवी हिंदूंची, पाणी मुसलमानाचं, याचं गावात कोणालाच नवल नव्हतं. नवल करायचं ते बाहेरगावचे पाहुणे.

पण मानाचं एक असतं. तो एकदा दुसऱ्या घरी गेला की परत येत नाही. आमच्याकडे ढोलाचा मान एका वर्षाच्या आजारपणात एका घरातून दुसऱ्या घरात गेला, तो गेलाच. चाचांच्या तोंडावरचा रंग का उडाला होता, ते गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

बंबाच्या शेडमध्ये शिरलो तर डोळे दिपले. श्रावण सरल्यापासून चाचा त्या बंबाला रंग देत होते, हे मी ऐकून होतो. नगरपालिका रंगाला पैसे देईना म्हणून डबेसुद्धा त्यांनी स्वतःच आणले होते. लालभडक बंब, काळी चाकं, पितळी घंटा घासूनपुसून लखलखीत. बॉनेट उघडलं तर आतसुद्धा रंग. इंजिन धरणारे लोखंडी कान, पत्रे, पट्ट्या, सगळं नव्या नवरीसारखं सजवलेलं. चाचा लग्नाच्या मुलीच्या बापासारखे कौतुकानं बघत होते आणि त्याच वेळी घाबरलेलेही होते.

"शेवटचा कधी चालू केला होता?"

"चार दिसांमागं, आतला रंग द्यायच्या आदी. मग बॅटरी जोडली, समदं आवळलं आणि नवमीला पूजा मांडली. पूजंतली गाडी कशी चालू करायची?"

"आणि आग लागली असती तर?"

"नवमीला आजपातूर कुटं आग लागलीया?" चाचा म्हणाले. त्यांचा देवीवरचा भरवसा माझ्यापेक्षा दांडगा होता.

मी किल्ली फिरवली. टक्. एवढाच आवाज. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. दिवे लावून बघितले तर भिंतीवर लख्ख उजेड पडला, म्हणजे बॅटरी ठणठणीत. जाड वायरी हलवून बघितल्या, टोकं नवीकोरी आणि घट्ट. मग राहिला तो सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिली गिरकी देणारी मोटर. बहुतेक आतले कार्बन, म्हणजे वीज पोचवणारे ठोकळे, झिजले असणार, असं म्हणून मी बंबाखाली शिरलो आणि सेल्फ उतरवून बाहेर काढला.

कार्बन चांगले होते. तरी घासले. आतलं चक्र पुसलं, दात्याला तेल दिलं, वरचा स्विच खोलून त्याचे तांबडे ठिपके घासून चकचकीत केले. मग फरशीवर ठेवून दुसऱ्या बॅटरीच्या दोन जाड वायरी लावल्या. सेल्फ असा गुरगुरला, की हातातनं निसटून पळतोय की काय. चाचांच्या जिवात जीव आला. त्यांनी मला स्वतःच्या हातानं चहा पाजला.

पुन्हा बंबाखाली गेलो, सेल्फ बसवला, बोल्ट आवळले आणि किल्ली फिरवली.

टक्.

आता माझी चूक सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बाहेर चालतो आणि गाडीत चालत नाही, तर दोष गाडीत असणार, हे मला तेव्हाच उमजायला हवं होतं. पण माझा स्वतःच्या कामावर विश्वास बसेना. मी सेल्फ पुन्हा उतरवला. पुन्हा फरशीवर फिरला. पुन्हा बसवला आणि पुन्हा टक्. मग वरचा स्विच बदलला. एव्हाना ऊन डोक्यावर आलं होतं आणि शेडच्या दारात अर्धा गाव जमा झाला होता. पखाली गल्लीतली पोरं एका बाजूला, तालमीतली पोरं दुसऱ्या बाजूला. कोणी सांगायचं, "धक्का मारा." पण टाकी काठोकाठ भरलेली, शेडपुढं चढ, आणि चाचांचं म्हणणं एकच, "धक्क्यानं चालू केलेला बंब वाटंत बंद पडला तर पालखी मधीच खोळंबंल. त्यो अपशकुन म्या अंगावर घ्यायचा न्हाई."

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. मागं पाण्याचा टँकर जोडलेला आणि वर रणधीर बसलेला. रणधीर म्हणजे नगराध्यक्ष आबासाहेबांचा पुतण्या. विशीपंचविशीतला, अंगानं थोराड, बोलायला तिरसट. गावात पाण्याचे टँकर पुरवायचा त्याचा धंदा.

तो खाली उतरला आणि म्हणाला, "चाचा, काकांनी सांगितलंय. बंब नसंल होत तर सडा टँकरनं घालू. पालखीची वेळ चुकवायची न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "न्हाईतर ट्रॅक्टर म्होरं लावतो, वढून बघू."

मला वाटतं, त्याच्या मनात तेव्हा काही वाईट नव्हतं. पण चाचांच्या कानाला त्यातलं टँकर एवढंच ऐकू आलं.

"तूच हुतास," चाचा म्हणाले.

"काय?"

"काल सांच्याला ह्या शेडमधी तूच आल्तास. नळावर टँकर भरायला. म्या दर्ग्यात गेल्तो. तवा माझ्या बंबाला हात लावलास तू."

"डोकं फिरलंय का चाचा? मी कशाला हात लावू?"

"कशाला? माझ्या घरातला मान तुझ्या टँकरला पायजे म्हणून!" चाचांनी त्याच्या सदऱ्याला हात घातला. सत्तरीला टेकलेला माणूस, पण हात असे घट्ट, की दोघांनी धरून ओढले तेव्हा सदऱ्याची दोन बटणं तुटून पडली. "चोरून बिघडवलास! मर्दासारका मागितला असतास तरी दिला नसता, म्हणून चोरून!"

रणधीरनं हात उगारला नाही. तो लालबुंद झाला होता आणि डोळ्यांत पाणी आल्यासारखं दिसत होतं. त्याच्या मागची तालमीची पोरं मात्र पुढं सरकली. तशी पखाली गल्लीतलीही सरकली. एवढ्यात आबासाहेब आले, त्यांनी दोन्हीकडच्यांना झापलं आणि पुतण्याला हाताला धरून देवळाकडे नेलं. जाताना मला म्हणाले, "चार वाजेपर्यंत तुझी मुदत. मग टँकर."

मी शेडचं दार आतून लावून घेतलं. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. बंब बिघडला याची नव्हे. बाहेर दोन घोळके एकमेकांकडे ज्या नजरेनं बघत होते, ती नजर मी आमच्या गावात पूर्वी पाहिली नव्हती. ही गोष्ट घडून आता बरीच वर्षं झाली, तो बंब भंगारात गेला, पण ती नजर मी विसरलेलो नाही.

"चाचा, तुम्ही वर बसा. मी सांगेन तेव्हा किल्ली फिरवा आणि सोडू नका, धरून ठेवा."

मी बॉनेटमध्ये डोकं घातलं. चाचांनी किल्ली धरून ठेवली. टक्. पुढं काही नाही. पण थोड्या वेळानं जळका वास आला. ताज्या ऑईलपेंटचा जळका वास.

"सोडा!"

नाकानं वास शोधत मी वाकलो आणि हात टेकला. टेकला तसा ओरडलो. चटका बसला होता. हाताखाली होती इंजिन बंद करायची तार. डिझेलच्या जुन्या गाडीत ड्रायव्हरसमोर एक मूठ असते, ती ओढली की ही बारीक तार इंजिनाचं डिझेल तोडते. त्या तारेचा विजेशी काडीचा संबंध नाही. मग ती तापली कशानं?

मी तसाच चाकावर बसलो आणि विचार केला. वीज सेल्फला जाते, तशी तिला बॅटरीकडे परतही यावं लागतं. परतीची वाट इंजिनातून चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, आणि तिथून बॅटरीत. पण इंजिन रबरावर बसवलेलं असतं, म्हणून इंजिनापासून चासीपर्यंत तांब्याची एक रुंद पट्टी बांधलेली असते. ती वाट बंद झाली, तर बिचारी वीज मिळेल त्या बोळातून घुसणार. ही बारीक तार म्हणजे तो बोळ. म्हणूनच दिवे लख्ख. त्यांची वाट वेगळी. आणि फरशीवर सेल्फ फिरणार, कारण तिथं मी दोन्ही वायरी थेट लावत होतो.

ती पट्टी मी सकाळीच पाहिली होती. छान लाल, घट्ट आवळलेली. इतकी नीटनेटकी, की तिच्याकडे पुन्हा बघायचं सुचलंच नाही.

मी बोल्ट सोडला. पट्टीच्या टोकाखाली, बोल्टाच्या बुडाशी, चासीवर, सगळीकडे लाल रंगाचा जाड थर. दुसरं टोक खोललं, तिथंही तेच.

"चाचा, ही पट्टी तुम्ही खोलली होती?"

"खोलल्याबिगर रंग कसा द्यायचा?" वरून आवाज आला. त्यात अजून अभिमान होता. "समदं खोललं, घासलं, गंज काढला. दोन हात दिले. पट्टीला बी दिले, खालनं-वरनं. दुसरा कुणी असता तर वरवर फासून मोकळा झाला असता."

मी पट्टी काढून हातात घेतली. चाचा खाली उतरले, माझ्या शेजारी वाकले आणि माझ्या हातातल्या पट्टीकडे बघायला लागले.

"रंगातून वीज जात नाही, चाचा."

त्यांनी पट्टीवरच्या रंगावर अंगठा घासला. मग ते हळूच म्हणाले, "म्हंजी... म्याच?"

"होय."

"रणधीरनं न्हाई?"

"नाही. रणधीरनं हातही लावलेला नाही."

ते बंबाला टेकून खाली बसले. बंबाचा नवा रंग सदऱ्याला लागला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मी पॉलिशपेपर काढला आणि रंग खरवडायला लागलो. पट्टीची टोकं तांबूस झाली, चासीवर लोखंड चमकलं. घासता घासता मी म्हणालो, "बाहेर काय सांगायचं ते ठरवू. वायर जुनी झाली होती म्हणून सांगतो. इतकी जुनी गाडी, कोण खोदून विचारतंय? तुमच्यावर नको आणि त्याच्यावर नको."

मला माझ्या शहाणपणाचं कौतुक वाटत होतं. चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"आदी चालू कर," ते म्हणाले.

मी बोल्ट आवळले. चाचा वर चढले. किल्ली फिरली आणि बंब पहिल्याच गिरकीला असा गरजला, की बाहेर शिट्ट्या, टाळ्या आणि आरडाओरडा सुरू झाला. मी दार उघडलं आणि चाचांच्या शेजारी बसलो. त्यांनी बंब देवळाकडे काढला.

देवळापुढं पालखी सजून बसली होती. भोई खांद्यावर पंचे टाकून उभे होते. रस्त्याच्या तोंडाशी रणधीरचा ट्रॅक्टर उभा, तो वर बसलेला, सदरा तसाच बटणं तुटलेला. त्यानं मुद्दामच बदलला नसावा. दोन्ही घोळके दुपारसारखेच दोन बाजूंना. बंब आला तसा पखाली गल्लीतून आवाज उठला, "चाचा आले! आता टँकर मागं घ्या!"

चाचांनी बंब ट्रॅक्टरच्या समोर उभा केला. इंजिन चालूच ठेवलं आणि खाली उतरले.

"रणधीर, खाली ये."

आता काय होतंय, म्हणून सगळे पुढं सरकले. आबासाहेबही लगबगीनं आले. रणधीर उतरला. त्यानं दोन्ही हात मागं बांधले होते; मला वाटतं, ते उठू नयेत म्हणून.

"दुपारी म्या तुझ्यावर आळ घेतला," चाचा म्हणाले. आवाज मोठा, मागच्यांनाही ऐकू जाईल असा. "चोर म्हनलो. समद्यांच्या देखत म्हनलो, म्हणून आता समद्यांच्या देखत सांगतो. बंब म्याच बिघडवला. रंग देताना. विजंची वाट म्याच रंगवून बंद केली. ह्या पोराचा हात बी लागलेला न्हवता."

देवळापुढं हलगी वाजत होती, तीसुद्धा थांबली. पखाली गल्लीतल्या पोरांच्या माना खाली गेल्या. मी ठरवलेली जुनी वायर माझ्या तोंडातच राहिली.

"बरं बरं, झालं ते झालं," आबासाहेब म्हणाले. "चढा वर चाचा. वेळ होतीया."

"न्हाई आबा. ज्या तोंडानं खोटा आळ घेतला, त्या तोंडानं देवीपुढं जाऊ कसा? आज पाणी ह्यो सोडंल."

"कोण?"

"रणधीर. माझ्या बंबातनं."

रणधीर दोन पावलं मागं सरकला. "मला नगं चाचा. मान तुमचा हाय."

"माझा हाय म्हणूनच देतोय. माझा नसता तर काय दिला असता? चढ. पहिला गिअर टाक, क्लच झटक्यानं सोडू नगं. डाव्या हाताचा कॉक निम्मा उघड. निम्माच."

रणधीरनं काकांकडे बघितलं. आबासाहेबांनी कधी नव्हे ती मान खाली घातली होती. मग त्यानं चपला काढल्या, बंबाच्या पायरीला हात लावला आणि चढला. मी जागा करून द्यायला खाली उतरलो. त्यानं पहिला गिअर टाकला. क्लच त्यानं बेतानं सोडला. बंब हलला, पाण्याच्या दोन धारा रस्त्यावर पडल्या आणि भिजलेली वाट पुढं पुढं लांबत गेली.

चाचा सवयीनं बंबाबरोबर चार पावलं चालले, मग थांबले. बंब वळणावरून दिसेनासा झाला. आमच्याकडे पाणी पहिल्या वळणापलीकडे गेल्याशिवाय पालखीला हात लावत नाहीत. आता भोयांनी खांदा दिला. हलगी कडाडली, "निनाईच्या नावानं चांगभलं" झालं आणि पालखी एकदम उचलली गेली. आमचे भोई पालखी नुसती नेत नाहीत. डाव्या अंगाला झुकवतात, उजव्या अंगाला झुकवतात, मधूनच डोक्याच्या वर उचलून धरतात आणि सगळा रस्ता वर बघत राहतो.

चाचांनी माझं मनगट धरलं. चटका बसलेलाच हात होता, पण मी सोडवला नाही.

"सुधाकर, ही अशी झुलती व्हय रं?"

"दर वर्षी अशीच झुलते की," मी हसत म्हणालो. "तुम्ही काय आज पहिल्यांदा..."

आणि मग माझ्या ध्यानात आलं. लहानपणी वडिलांच्या मांडीवर, मग स्वतःच्या हातात स्टिअरिंग धरून, पालखी उचलायच्या वेळी हा माणूस जन्मभर पहिल्या वळणापलीकडेच होता.

पालखी आमच्यासमोरून गेली. गुलाल त्यांच्या पांढऱ्या फेट्यावर पडला. ते डोळे न हलवता बघत होते.

"म्होरनं कुटं दिसती," चाचा म्हणाले.